दर्या आणि दऱ्या

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका दुकानदाराने माझ्या संगणकाकडे पाहून मान हलवली. म्हणाला, “काका, हा आता भंगारात द्या.” विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची मदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली आणि विंडोज ११ माझ्या जुन्या यंत्रावर चालणार नव्हतं. यंत्र धडधाकट होतं. त्याची मुदत मात्र दुसऱ्याच कुणीतरी ठरवली होती.

मला हा अनुभव नवा नाही. मी अंधेरीला, मरोळमध्ये राहतो. १९९९ साली पहिला संगणक घेतला आणि कविता त्यावर लिहू लागलो. तेव्हा मराठीचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे आणि त्याच्याबरोबर काडेपेटीएवढं एक कुलूप मिळे. ते संगणकाच्या मागे खोचल्याशिवाय मराठी अक्षर उमटत नसे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेएवढं पाणी. संगणक गेला, कुलूपही गेलं. त्रेचाळीस कवितांची सीडी माळ्यावर होती, म्हणून वाचली. पुढे ती दुसऱ्या संगणकावर लावली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा पसारा! ते जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवत. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. कविता माझ्या, लिपी सर्वांची आणि किल्ली तिसऱ्याच्याच हातात.

यंदा भाची म्हणाली, “मामू, भंगारात नका देऊ. लिनक्स घालून बघू.”

लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. तो कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. म्हणूनच त्याच्यावर अनेकांनी आपापली घरं बांधली आहेत. भाचीने त्यांतली चार-पाच पेन ड्राइव्हवर आणली. संगणकातलं काहीही न पुसता ती चालवून पाहता येतात. भाड्याने खोली बघत हिंडावं, तसा मी महिनाभर हिंडलो. उबुंटू ऐसपैस, पण माझ्या यंत्राला त्यात धाप लागली. फेडोरा नीटनेटकं, पण त्याला आमचं वायफाय सापडेना. सी-डॅकचं बॉसही पाहिलं. शेवटी लिनक्स मिंटच्या हलक्या आवृत्तीत जीव रमला. मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, हाताच्या सवयीचा. मुंबईत खोली बघायला गेलो की आधी माझं नाव विचारतात आणि ते ऐकल्यावर खोली ‘कालच गेलेली’ असते. इथेही नाव विचारलं, पण ते दारावर पाटी लावायला.

प्रत्येक घरात मी एकच परीक्षा घेत होतो. दोन शब्द लिहायचे: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फरक एवढ्याशा ‘ऱ’चा. हिंदीला त्याची गरज पडत नाही, मराठीचं त्याच्यावाचून अडतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ दाबलं की तो उमटतो. सगळीकडे दोन्ही शब्द चोख उमटले.

हे आपोआप झालेलं नाही. २००० च्या सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी इंडलिनक्स हा उपक्रम सुरू केला आणि भारतीय भाषा लिनक्सवर आणण्याचं काम अनेक स्वयंसेवकांनी उचललं. आणि मरोळहून फार दूर नसलेल्या जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत र. कृ. जोशी अक्षरं घडवत होते. जोशी सुलेखनकार आणि मराठी कवी. त्याआधी पवईच्या आयआयटीत त्यांनी शिकवलं होतं. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच, तो कंपनीच्या मालकीचा. पण त्यांचाच ‘रघू’ हा फॉन्ट मुक्त परवान्याने सर्वांसाठी खुला झाला. २००८ मध्ये जोशी गेले. एका कवीच्या हातचं अक्षर दुसऱ्या कवीला फुकट वापरता यावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग ती सीडी काढली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी विनामूल्य साधनं आहेत. भाचीने त्यांतलं एक चालवलं. पसाऱ्यातून मराठी वर येऊ लागली, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली, रफार इकडचा तिकडे. मी ओळी मोठ्याने वाचायच्या आणि भाचीने दुरुस्त करायच्या, अशी आठ रात्री आमची मैफल चालली. एकेचाळीस कविता परत आल्या. दोन चरा पडलेल्या भागात होत्या, त्या गेल्या.

सगळं सुखाचं आहे असं नाही. प्रिंटर अजून रुसतो आणि एका मासिकाचे डीटीपीवाले अजूनही जुन्याच फॉन्टमधली फाइल मागतात. मात्र तुमच्या घरी अशी एखादी जुनी सीडी असेल, आईच्या आठवणी असतील, वडिलांचं नाटक असेल, तर ती आजच उघडून बघा. मीही ते वेळेवर केलं असतं, तर दोन कविता वाचल्या असत्या. त्यांतल्या एकीत दर्या होता, एवढंच आता आठवतं.