स्लाइड-शोचे बिऱ्हाड हलविताना

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण संघटन, शिक्षण, हिशेब अशा भारदस्त विषयांवर ऐकले. आमच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने अगदीच कारकुनी आहे. कार्यक्रमासाठी तयार केलेल्या स्लाइड-शोच्या फाइली संगणकाच्या एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर कशा न्यावयाच्या आणि नीट कशा लावून ठेवावयाच्या, एवढाच तो विषय आहे. संयोजकांनी तो जाहीर केला तेव्हा आमच्यातल्याच एकाने विचारले, "त्यात बोलण्यासारखे काय आहे? कॉपी करायचे आणि पेस्ट करायचे!" २०१३ सालापर्यंत आम्हीही तसेच समजत होतो.

आधी ते २०१३ साल सांगतो. त्याच्या पाच वर्षे अगोदर, २००८ साली, आमच्या वस्तीतल्या जुन्या माणसांचे फोटो आम्ही घरोघर फिरून गोळा केले होते. कोणाच्या ट्रंकेतून, कोणाच्या देवळीतून, कोणाच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून असे २१४ फोटो निघाले. ते स्कॅन करून ज्याचे त्याला परत केले. त्यांचा 'प्रोशो' या प्रोग्रॅममध्ये स्लाइड-शो केला आणि वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या आवाजात निवेदन भरले. सर्वांना तो आवडला. पुढे पुनर्विकासासाठी घरे पाडली गेली. कोणी संक्रमण शिबिरात गेले, कोणी भाड्याच्या खोलीत, कोणी गावी. बिऱ्हाडे हलली की काय गहाळ होते हे आपणांस सांगावयास नको. भांडी मोजून नेली जातात, फोटो मोजून कोणी नेत नाही.

म्हणून २०१३ साली तो स्लाइड-शो पुन्हा दाखवावयाचा असे ठरले. पांगलेली माणसे त्या निमित्ताने एकत्र आली. एक मावशी नातवाला घेऊन दोन बस बदलून आल्या होत्या. त्यांच्या यजमानांचा गिरणीच्या फाटकासमोर काढलेला एकच फोटो होता, आणि तो घर हलविताना गेला होता. तो पडद्यावर पाहावयास मिळेल म्हणून त्या पहिल्या रांगेत बसल्या. आम्ही पेन ड्राइव्ह लावला, स्लाइड-शो उघडला, आणि पडद्यावर फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. फाइली सापडत नसल्याची एक लांबलचक यादी तेवढी दिसत होती. निवेदनाचाही पत्ता नव्हता. मावशी अर्धा तास तशाच बसून राहिल्या. "होतंय का रे बाबा?" असे त्यांनी दोनदा विचारले.

झाले काय होते? आम्ही पेन ड्राइव्हवर स्लाइड-शोची प्रोजेक्ट फाइल तेवढी आणली होती. फोटो संगणकातच आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. पण कार्यालयातल्या संगणकाचा सी ड्राइव्ह भरला म्हणून आमच्याच एका कार्यकर्त्याने फोटोंचा फोल्डर मधल्या काळात एका बाहेरच्या डिस्कवर हलविला होता, आणि ती डिस्क पुढे टेबलावरून पडून निकामी झाली होती. त्याचा हेतू चांगलाच होता. त्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण प्रोजेक्ट फाइल म्हणजे काय हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते.

ती काय असते हे समजले तर बाकीचे सारे आपोआप समजते, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतो. आपल्या वर्गणीच्या रजिस्टरात प्रत्येक घराचा खोली नंबर असतो, पण त्या रजिस्टरात माणसे राहत नाहीत. प्रोजेक्ट फाइल हे असेच रजिस्टर आहे. पहिला फोटो अमुक ड्राइव्हच्या अमुक फोल्डरमधून घ्या, पाच सेकंद दाखवा, मग तो विरत विरत दुसरा आणा, खाली अमुक आवाज वाजवा, अशा सूचना तिच्यात असतात. फोटो स्वतः तिच्यात नसतात. माणसांनी घर बदलले की रजिस्टर खोटे पडते, तसे फोटोंचा फोल्डर हलला, त्याचे नाव बदलले किंवा ड्राइव्हचे अक्षर बदलले की प्रोजेक्ट फाइल खोटी पडते. हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आकार. फाइलवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहा. दोनशे फोटोंचा शो आणि फाइल काहीशे केबीची असेल, तर फोटो तिच्यात नाहीत हे उघड आहे.

ड्राइव्हच्या अक्षराचे सांगावयाचे तर, विंडोज प्रत्येक ड्राइव्हला एक अक्षर देते. तुमचा पेन ड्राइव्ह घरी ई असेल, तोच सभागृहातल्या संगणकावर जी होऊ शकतो. म्हणजे फोटो पेन ड्राइव्हवर बरोबर नेलेले असतील, तरी ई ड्राइव्हचा पत्ता लिहिलेल्या प्रोजेक्ट फाइलला ते सापडतीलच असे नाही. काही प्रोग्रॅम आपल्या आसपासच्या फोल्डरात शोधतात, काही शोधत नाहीत. यावर उपाय हाच की शो तयार करण्यापूर्वी, पहिला फोटो ओढण्याच्या आधी, एक मुख्य फोल्डर करावा. त्यात प्रोजेक्ट फाइल, त्याच्याच पोटात फोटोंचा एक फोल्डर आणि आवाजाचा एक. मोबाइलमधून, डेस्कटॉपवरून, दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवरून थेट फोटो उचलून शोमध्ये टाकू नयेत. आधी त्या फोल्डरात आणावेत, मग टाकावेत. हलविण्याची वेळ आली की मुख्य फोल्डर अख्खा उचलावा, त्यातले काही वेगळे करू नये.

आता ज्यांचा पसारा आधीच झालेला आहे त्यांनी काय करावे? बहुतेक चांगल्या प्रोग्रॅममध्ये सगळे सामान एका जागी गोळा करण्याची सोय असते. 'प्रोशो'मध्ये फाइल मेनूत 'कलेक्ट शो फाइल्स' अशी आज्ञा होती. ती दिली की शो आणि त्यात वापरलेला प्रत्येक फोटो व आवाज एका नव्या फोल्डरात कॉपी होत असे. ती आज्ञा आमच्या संगणकावर पाच वर्षे होती आणि आम्ही एकदाही तिच्यावर बोट ठेवले नाही. पॉवरपॉइंटमध्ये हेच काम 'पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी' करते. नावात सीडी असले तरी ती आज्ञा साध्या फोल्डरातही कॉपी करून देते.

पॉवरपॉइंटची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात नेहमीच्या रीतीने टाकलेला फोटो फाइलमध्येच शिरतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु २०१० च्या आवृत्तीपूर्वी व्हिडिओ आणि बहुतेक गाणी बाहेरच राहत असत, त्यांचा पत्ता तेवढा आत असे. त्यामुळे जुने शो नव्या संगणकावर नेले की चित्रे दिसतात आणि आवाज मुका होतो. याच्या उलट एक फायद्याची गोष्ट सांगतो. पॉवरपॉइंटची पीपीटीएक्स प्रकारची फाइल, जी २००७ पासून आली, ती प्रत्यक्षात एक झिप गाठोडे असते. तिची एक प्रत काढा, नावाच्या शेवटी पीपीटीएक्सच्या जागी झिप लिहा आणि उघडा. आत पीपीटी नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर, आणि त्यात सारे फोटो मिळतात. नावे बदललेली असतात आणि काही वेळा आकारही लहान झालेला असतो, पण फोटो मिळतात. मूळ स्कॅन हरवलेल्या आमच्या २१४ पैकी बरेच फोटो अशाच जुन्या प्रेझेंटेशनमधून आणि कोणाकोणाच्या कपाटातल्या सीडींवरून परत मिळाले. १८३ मिळाले. ३१ मिळाले नाहीत.

मावशींच्या यजमानांचा फोटो त्या ३१ मध्ये होता. २००८ साली आम्ही वाटण्यासाठी त्या शोच्या व्हीसीडी काढल्या होत्या, त्यातली एक एका घरात सापडली. तिच्यावरून ते चित्र पकडले. आपल्याकडच्या व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. मूळ स्कॅन याच्या कितीतरी पट मोठा होता. त्या एवढ्याशा चित्रात गिरणीचे फाटक, चार माणसे आणि त्यात ते. पोस्टकार्डापेक्षा मोठा छापला की चेहरा विरघळतो. आम्ही पोस्टकार्डाएवढाच छापून मावशींना नेऊन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "टोपी त्यांचीच आहे."

असो. फाइली हलविण्याच्या प्रत्यक्ष क्रियेविषयी बोलतो. कट करू नका, कॉपी करा. एकाच ड्राइव्हमध्ये कट-पेस्ट केले तर संगणक नुसता पत्ता बदलतो, म्हणून ते क्षणात होते. दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना मात्र तो आधी नक्कल करतो आणि मग मूळ पुसतो, आणि मध्येच वीज गेली किंवा कोणी पेन ड्राइव्ह उपटला तर काय कुठे राहिले ते शोधत बसावे लागते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या व आकार जुळतो का ते पाहावे. डेस्कटॉपवरच्या ज्या चित्राच्या कोपऱ्यात बाण असतो तो शॉर्टकट असतो. त्याची कॉपी केली तर पेन ड्राइव्हवर एक-दोन केबीची पाटी तेवढी जाते, माल जागेवरच राहतो. हसू नका, या सभागृहात हे केलेले निदान चार जण बसले आहेत, त्यातले एक आम्ही.

यानंतर जे सांगतो ते कृपया लिहून घ्या. नव्या जागी नेलेला शो त्याच संगणकावर उघडून तपासण्यात अर्थ नाही. मूळ फोटो अजून जुन्या जागी असतात, प्रोजेक्ट फाइल गुपचूप जुन्या पत्त्यावर जाऊन ते घेऊन येते, सगळे छान दिसते आणि आपण फसतो. आम्ही २०१३ ची फजिती झाल्यावरही २०१४ साली पुन्हा याच रीतीने फसलो. शो दुसऱ्याच संगणकावर, जिथे त्यातला एकही फोटो आधी नाही अशा ठिकाणी उघडावा आणि शेवटच्या चित्रापर्यंत आवाजासह पाहावा. पहिली पाच चित्रे दिसली म्हणजे शो आला असे नाही. दुसरा संगणक नसेल तर जुन्या फोल्डराचे नाव तात्पुरते बदलून पाहावे. हे केल्याशिवाय जुन्या जागेतले काहीही पुसू नये.

मराठी नावांचा त्रास वेगळाच. जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फोटोंखालची नावे, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर गेली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे होतात. तो फॉन्ट बरोबर न्यावा, नाही तर नावे युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावीत. आम्ही दुसरे केले, आठ रविवार लागले. शिवाय फोटो क्रमांक, नाव, साल आणि कोणाच्या घरून आला याची वही ठेवली. फोटो परत मिळवता येतो, पण त्यातला डावीकडून तिसरा माणूस कोण हे सांगणारा माणूस गेला की ते नाव कुठूनही मिळत नाही. फाइलींची नावे ००१, ००२ अशी तीन आकडी क्रमांकाने सुरू करावीत, नाही तर काही प्रोग्रॅम १ नंतर १० आणि मग २ लावतात. नाव देताना रोमन अक्षरे वापरावीत, कारण काही जुने प्रोग्रॅम देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दाखवतात आणि फाइल उघडत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठविलेला फोटो लहान होऊन येतो, हे तरुणांना ठाऊक आहे, पण घाईत तेच विसरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

प्रोग्रॅमही माणसांसारखेच जातात. 'मूव्ही मेकर' मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केला. 'प्रोशो' काढणारी फोटोडेक्स कंपनी ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. त्यांच्या प्रोजेक्ट फाइली आजही लोकांच्या डिस्कवर पडून आहेत. म्हणून शो पूर्ण झाला की त्याचा मोठ्यात मोठ्या आकाराचा एमपी४ व्हिडिओ काढून त्याच मुख्य फोल्डरात ठेवावा. तो बहुतेक संगणकांवर, टीव्हींवर चालतो आणि त्याला कोणाचा पत्ता विचारावा लागत नाही. तो चार जीबीहून मोठा झाला तर फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर जागा असूनही कॉपी होणार नाही. त्यासाठी पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो, आणि फॉरमॅट केल्याने त्यावरचे सारे पुसले जाते, हे आधी पाहावे.

आमचा मुख्य फोल्डर आता दोन डिस्कांवर, दोन वेगळ्या घरांत आहे. कोणाच्या घरी कोणती डिस्क हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. वर्षातून एकदा दोन्ही डिस्का आणून परक्या संगणकावर शो पूर्ण पाहतो.

ज्यांच्या घरी जुने फोटो आहेत त्यांच्यासाठी स्कॅनर रविवारी सकाळी दहापासून मागच्या खोलीत लावलेला असेल. फोटो अल्बममधून उपटू नका, चिकटलेले असतील तर फाटतात. अल्बमसकट आणा, आणि फोटोतली माणसे ओळखणारे कोणी घरात असेल तर त्यांनाही बरोबर घेऊन या.