जुनीं वाद्यें आणि जुना अर्थ



जुनी रचना जुन्याच वाद्यांवर, जुन्याच रीतीनें सादर करावी कीं काय, हा वाद युरोपांत गेलीं अनेक दशकें चालू आहे. योहान सेबास्टियन बाखच्या धार्मिक कँटाट्यांवरून त्याचा विचार करूं या.

बाख १७२३ सालीं लाइप्झिग येथील सेंट टॉमस शाळेंत संगीतप्रमुख म्हणून रुजू झाला आणि १७५० मध्यें मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. आरंभींच्या वर्षांत तो जवळजवळ दर रविवारीं नवा कँटाटा रची व शाळेच्या मुलांकडून उपासनेंत गाववून घेई. त्याचे सुमारें २०० धार्मिक कँटाटे आज उपलब्ध आहेत. कँटाटा म्हणजे मैफल नव्हे. त्या दिवशीं वाचलेल्या शुभवर्तमानाचें तें सुरांतील निरूपण असे, आणि त्याच उपासनेंत धर्मोपदेशकाचें प्रवचनही होई.

एकोणिसाव्या शतकांत बाखचें धर्मसंगीत प्रशस्त सभागृहांत, मोठमोठ्या गायकवृंदांकडून गाइलें जाऊं लागलें. त्यास भव्यता आली, परंतु शब्द झाकोळले. निरूपणांतील शब्दच ऐकूं न आले, तर उरलें काय?

जुन्या वाद्यांचें महत्त्व येथें आहे. त्या काळच्या व्हायोलिनला आपल्या सारंगीप्रमाणें तांतीच्या तारा असत, आणि गज बाहेरच्या बाजूस किंचित् वांकलेला असे. प्रत्येक स्वर उमटून आपोआप विरतो; दोन स्वरांमध्यें बोलण्यांत असतो तसा विराम राहतो. तुतारीस खटके नव्हते. स्वर ओठांच्या व श्वासाच्या बळावरच काढावे लागत. अशा वाद्यांच्या सोबतीस गायकास ओरडावें लागत नाहीं. २ फेब्रुवारी १७२७ रोजीं सादर झालेल्या ८२ व्या कँटाट्यांत खर्जांतील एकच आवाज आहे. बाल येशूस पाहून कृतार्थ झालेल्या वृद्ध शिमोनाप्रमाणें तो शांतपणें मृत्यूची वाट पाहतो. त्याच्याशीं ओबो जणूं संवाद करतो. वाद्यवृंद जड झाला कीं हा संवाद संपलाच.

निकोलाउस हार्नोंकूर व गुस्ताव लेओनहार्ट यांनीं १९७१ पासून सुमारें दोन दशकें खपून हे धार्मिक कँटाटे जुन्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित केले. तरी वाद मिटला नाहीं. बाखनें १७३० मध्यें नगरसभेस निवेदन दिलें : प्रत्येक वृंदांत निदान १२, शक्य तर १६ गायक असावेत. हे सर्वजण एकत्र गात, असें पूर्वापार मानीत. परंतु ही केवळ निवडीसाठीं लागणारी संख्या होय, प्रत्येक आवाजास गायक एकच असे, असें मत जोशुआ रिफकिन यांनीं १९८१ मध्यें मांडलें. उपलब्ध हस्तलिखितांत बहुधा प्रत्येक आवाजासाठीं एकच प्रत सांपडते, हा त्यांचा मुख्य आधार.

यावरून एवढें ध्यानांत घ्यावें कीं परंपरेशीं इमान राखणें म्हणजे तिची नक्कल करणें नव्हे. लाइप्झिगच्या चर्चमध्यें स्त्रिया हे कँटाटे गात नसत. आज बहुतेक ठिकाणीं त्या गातात, आणि तें योग्यच आहे. तांतीच्या तारा पुन्हां लावतां येतात. रविवारच्या त्या प्रवचनाची वाट पाहणारा श्रोता मात्र पुन्हां घडवितां येत नाहीं. म्हणून शब्दांचा अर्थ पोंचविण्याची जबाबदारी आतां सर्वस्वीं गायकावर येऊन पडली आहे. जुनें वाद्य त्यास साह्य करील. त्याच्या ऐवजीं बोलणार नाहीं.