रिफ्रेशर कोर्स आणि तासिकांचा हिशेब



आपल्यापैकी बरेच जण गावाकडच्या आपल्या जुन्या कॉलेजला पैसे पाठवतात. इमारत झाली, संगणक झाले; आता प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला मदत करावी, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना चांगली आहे, पण माझी एक अट आहे.

प्रशिक्षण महाराष्ट्राला नवीन नाही. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने १९८७पासून विद्यापीठांत अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. नव्या प्राध्यापकासाठी चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, पुढे तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. हेतू उत्तम होता. पण कोर्स बढतीला जोडले गेले आणि शिकण्यापेक्षा सर्टिफिकेटला भाव आला. २०२३मध्ये या केंद्रांना मालवीय मिशनचं नाव मिळालं; बढतीची गाठ मात्र तशीच आहे.

आणि ज्यांना बढतीच नाही त्यांचं काय? राज्यातल्या कित्येक कॉलेजांचा गाडा सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक ओढतात. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली माणसं. तास घेतला तर पैसे. सुट्टीत काही नाही. दरवर्षी नव्याने नेमणूक. असा माणूस शिबिराला गेला तर त्याचे तास बुडतात, म्हणजे शिकण्याची किंमत तो स्वतःच्या खिशातून भरतो. मग 'प्राध्यापकांना कामात रस उरला नाही' म्हणून आपण हळहळायचं!

आपल्या व्हँकुव्हरमधलं उदाहरण घ्या. कॉलेजशिक्षकांसाठीची 'इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉप' ही पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस याच ब्रिटिश कोलंबियात जन्मली. चार-सहा शिक्षक एकत्र बसतात, प्रत्येकजण दहा मिनिटांचा पाठ घेतो, बाकीचे विद्यार्थी होतात आणि नंतर काय समजलं, काय नाही ते तोंडावर सांगतात. भाषणं नाहीत, साहेब नाहीत. वरून आलेल्या तज्ज्ञापेक्षा शेजारच्या खोलीत शिकवणाऱ्याचं बोलणं शिक्षक जास्त मनावर घेतो, असं माझं मत आहे.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. व्हँकुव्हर कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षक संघटनेने करारात अशी तरतूद मिळवली, की निम्म्या किंवा अधिक वेळेचं काम साधारण दोन वर्षं केलं आणि मूल्यमापन समाधानकारक असलं, की तात्पुरता शिक्षक आपोआप कायम होतो. नवी मुलाखत नाही, वशिला नाही. वेतनश्रेणीही कायम आणि तात्पुरत्या शिक्षकांना एकच. पुढच्या वर्षी आपण इथेच असणार हे ठाऊक असलं, तरच माणूस नवा अभ्यासक्रम रचायला बसतो. इथेही सारं आलबेल नाही. जानेवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली, तेव्हापासून या प्रांतातल्या कॉलेजांत कपात चालू आहे. तरी कुणाला कोणत्या क्रमाने कमी करायचं, याला निदान नियम आहेत.

तेव्हा माझी अट अशी: पैसे पाठवण्याआधी कॉलेजला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. तुमच्याकडे तासिका तत्त्वावर किती जण शिकवतात? आणि प्रशिक्षणाच्या दिवसांत त्यांचे बुडलेले तास कोण भरून देणार? दुसऱ्याचं उत्तर 'कुणी नाही' असं आलं, तर आपला निधी पाहुण्या वक्त्यांच्या मानधनावर न घालता आधी त्या तासांवर घालावा. त्या दृष्टीने ठरावाचा मसुदा मी सोबत आणला आहे, दुरुस्त्या सुचवा.