स्वस्तातले रोमन नाणे घेताना



आपल्या डिचोली-पेडण्याच्या जुन्या घरांतला पेटारा उघडला, की पोर्तुगीज रुपया, तांगा किंवा एखादी शिवराई बहुधा हाती लागते. नाण्यांची ओढ आपल्याला नवी नाही. नवा आहे तो मोबाइलवरचा बाजार. रात्री जेवणे झाल्यावर नातू सांगतो, "आबा, सतराशे वर्षांपूर्वीचे रोमन नाणे, जोड्याच्या किमतीत!" अशा वेळी आपण काय सांगावे?

पहिली शंका किमतीची. इतके जुने नाणे इतके स्वस्त कसे? इसवी सनाच्या चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळी तांब्याची लहान नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली. लोकांनी ती मडक्यांत भरून पुरली आणि आज ती ढिगाने निघतात. म्हणजे स्वस्त आहे म्हणून ते खोटेच, असे नाही. प्लिनीने तक्रार केली होती, की हिंदुस्थान दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. त्या काळातली ऑगस्टस आणि टायबेरियसची चांदीची नाणी कोइमतूर भागात सापडली आहेत. ती मात्र या भावात मिळणार नाहीत. कोणी देऊ केली, तर सावध व्हावे.

आम्ही होमिओपॅथ औषधाआधी रुग्णाचा सगळा इतिहास विचारतो. नाण्याचाही विचारावा. वजन किती ग्रॅम? व्यास किती? चित्र याच नाण्याचे, की नमुन्याचे? आधी कोणाकडे होते? काठावर जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले, तर ते साच्यात ओतलेले समजावे. रोमन नाणी ठोकून पाडत. दोन नाण्यांची झीज हुबेहूब सारखी असेल, तर निदान एक तरी बनावट. मागच्या बाजूला, चित्राखालच्या रेषेच्या खाली बारीक अक्षरे असतात, ती टांकसाळीची खूण. 'एस एम ए एन' दिसले तर अँटिओक. ही खूण वाचता येऊ लागली, की खरा छंद सुरू होतो.

आता कायदा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला व त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. परदेशी विक्रेता लिहितो, "पसंत नसल्यास परत पाठवा." पण नाणे अस्सल असेल, तर परत पाठवणे म्हणजे पुरावस्तूची निर्यात. बनावट असेल, तरी ते पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आणावा लागेल. म्हणून परतीच्या हमीवर विसंबू नये. सुरुवात देशातल्या परवानाधारक विक्रेत्याकडून, पावती घेऊनच करावी.

नाणे घरी आले, की चिंच किंवा लिंबू लावून समईसारखे लख्ख करू नका. त्यावरचा हिरवा-काळा थर हेच त्याचे कवच. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर तो तांब्याचा रोग. आपल्या पावसाळी दमटपणात तो झपाट्याने वाढतो. नाणे कोरड्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे.

शेवटचा प्रश्न कायद्यापेक्षाही जड आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात सत्तरीतल्या नानोडा गावी काजूच्या बागेत आठशेहून अधिक तांब्याची नाणी सापडली आणि शेतकऱ्याने ती सरकारच्या हवाली केली. ती कुठे पुरली होती, कशात होती, एकत्र किती होती, हे कळले म्हणून त्यांतून इतिहास लिहिता येईल. बाजारातले 'न धुतलेली दहा नाणी' असे पाकीट कोणाच्या शेतातून रात्री यंत्र फिरवून उकरले, हे कधीच कळत नाही. आपण मागणी केली, की कुठेतरी कुदळ पडते. तेव्हा पूर्वीच्या मालकीचा कागद असलेले एकच नाणे घ्या. कागद नसेल तर दहाही सोडा. आणि आपल्याच कुळागरात मडके निघाले, तर १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

नातवाला नाही म्हणू नका. आधी एक भिंग आणि एक चांगले पुस्तक घेऊन द्या. भिंगातून तो पहिल्यांदा घरातलाच तांगा पाहील. त्यावरची अक्षरे लावता आली, म्हणजे रोमचे नाणे मागण्याचा अधिकार त्याला आला, असे समजा.