फोन दुकानात न्यायच्या आधी

आम्ही मुंबईतल्या दिंडोशीहून बोलतोय. मालाड आणि गोरेगावच्या पूर्वेला, टेकडीच्या कडेने पसरलेली ही वस्ती. इथल्या महिला बचत गटांच्या समन्वयाचं काम आम्ही करतो. आज कर्ज-हप्त्यांबद्दल बोलायचं नाहीये. आज बोलायचंय ते तुमच्या हातातल्या, नाहीतर कमरेला खोचलेल्या मोबाईलबद्दल. जवळ असेल तर हातात घ्या. नसेल तर नुसतं ऐका, नंतर बघा.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक ताई बैठकीला आल्या त्या रडवेल्या होऊनच. ताई पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. चार दिवस झाले, गिऱ्हाईक फोन करायचं, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. दुकानात दाखवला तर उत्तर मिळालं, "बोर्ड गेलाय. अडीच हजार लागतील, नाहीतर नवीनच घ्या." ताई गटाकडे कर्ज मागायला आल्या होत्या.

आम्ही म्हटलं, अर्ज लिहायच्या आधी फोन तरी बघूया. मागचं कव्हर काढलं. खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, तो माईक. त्यात पीठ बसलेलं, घामाने ओलं होऊन, वाळून घट्ट झालेलं. लहान मुलाच्या मऊ, कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडलं. फोन लावून पाहिला. पलीकडून आवाज आला, "आता ऐकू येतंय!" अर्ज कोराच राहिला.

दुकानदाराने फसवलंच असं आम्ही म्हणत नाही. त्याने नीट पाहिलं नसेल. पण आपल्यालाही पाहता येत नव्हतं, हे खरं. शिलाई मशीनचा धागा तुटला तर सुई बघायची की दोरा, हे आपल्याला कळतं. फोनचं तेवढंच कळायला काय हरकत आहे?

आणि फोन आता फक्त बोलायला राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून देशभर मोबाईल ॲपवर आली, तिथे जागेच्या नोंदीसह फोटो लागतो. अंगणवाडीत घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा दाखवावा लागतो. म्हणजे कॅमेरा अंधुक झाला किंवा फोनला जागा सापडली नाही, तर अडतं ते बाईचं काम. त्यात आमच्या मुंबईकडचे जुने फोन गणपतीला, शिमग्याला गावी जातात. भाऊ नवा घेतो, जुना वहिनीला देतो. वहिनीच्या हातात येतो तो आधीच थकलेला फोन.

चला, आता फोन फिरवून बघूया. सुरुवात खालच्या कडेपासून. मधोमध चार्जिंगचं तोंड. एका बाजूला चार-पाच भोकांची ओळ किंवा जाळी, तो स्पीकर. गाणी, रिंग तिथून वाजते. आणि एकच एकटं बारीक भोक, तो माईक. तुमचा आवाज तिथून आत जातो. बऱ्याच फोनना वरच्या कडेलाही असंच एक भोक असतं. तो दुसरा माईक, आजूबाजूचा गोंगाट कमी करायला.

आता कडेला सिमचा ट्रे शोधा. त्याच्याजवळही भोक असतं, पण त्याच्याभोवती ट्रेची लांबट फट दिसते. ज्या भोकाभोवती फट नाही, त्यात पिन घालायची नाही. हे आम्ही ठासून सांगतो, कारण आम्ही स्वतः ही चूक केली आहे. एका मैत्रिणीचं सिम काढायला घाईत माईकच्या भोकात पिन दाबली आणि चांगला चालणारा माईक फोडून ठेवला. दुरुस्तीचे पैसे आम्ही भरले. तेव्हापासून पिन घालण्याआधी ट्रेची फट बघायची, हा आमचा नियम.

माईक चालतो का, हे बघायला दुकान लागत नाही. फोनमधल्या रेकॉर्डरवर दहा आकडे मोजा आणि ऐका. आवाज दबका आला तर कव्हर काढून पुन्हा मोजा. कव्हर काढल्यावर साफ आला, तर दोष कव्हरचा. त्याची भोकं फोनच्या भोकांशी जुळत नाहीत. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, पण कॉलवरच आवाज जात नाही, तर एकदा दुसऱ्या जागी जाऊन, दुसऱ्या नंबरला लावून बघा. नेटवर्कचा दोष असू शकतो.

आता वरची बाजू. काचेच्या अगदी कडेला बारीक फट असते. कानाला लावल्यावर आवाज येतो तो तिथून. ही फट तेलाने, पावडरने, चुलीच्या राखेने भरते. आमच्याकडे मालाड भागात घरोघर इमिटेशन दागिन्यांचं काम चालतं, त्यातला गोंद आणि चमकीही तिथे जाऊन बसते. त्याच कोरड्या ब्रशने, फोनचं तोंड खाली करून झाडा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते.

त्या फटीजवळच पुढचा कॅमेरा आणि बहुतेक फोनमध्ये दोन सेन्सर असतात. सेन्सर म्हणजे फोनचं नाक-डोळे समजा. एक उजेड ओळखतो. उन्हात स्क्रीन प्रखर होते, अंधारात मंद होते, ती त्याच्यामुळे. दुसरा जवळ काही आलं का ते ओळखतो. कानाला फोन लावला की स्क्रीन काळी होते, म्हणजे गालाने बटणं दाबली जात नाहीत.

ही तक्रार आमच्याकडे फार येते: "कॉल लावला की स्क्रीन काळी होते, परत येतच नाही, फोन ठेवता येत नाही." डिस्प्ले गेला असं वाटतं. डिस्प्ले दुकानात फोल्डर म्हणून बदलतात आणि तो महाग असतो. पण आधी कॉल लावून वरच्या भागावर तळवा धरा. स्क्रीन काळी व्हायला हवी. तळवा काढा, उजेड यायला हवा. आला नाही तर वरची काच मऊ कापडाने पुसा. तरी नाही, तर स्क्रीन गार्ड बघा. नवीन गार्ड बसवल्यावर त्रास सुरू झाला असेल तर गार्डचा काळा काठ किंवा त्याखालची धूळ सेन्सरवर आली असणार. गार्ड काढून बघा. सेटिंगमध्ये पॉवरच्या बटणाने कॉल बंद करायची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, तीही चालू करून ठेवा.

कॅमेऱ्याचंही तसंच. चेहरा जुळत नाही म्हणून तीनदा हेलपाटे घालण्याआधी पुढच्या कॅमेऱ्यावरचा तेलाचा डाग पुसा, आणि उजेड पाठीमागे नाही, तोंडावर येईल असं उभं राहा.

बोटाचा ठसा घेत नाही ही बायकांची खास अडचण. भांडी, शेण, चुना, सिमेंट, राख यात बोटं झिजतात, भेगाळतात. हात धुऊन, कोरडे करून ठसा द्या. सेटिंगमध्ये दोन-तीन बोटं नोंदवा, एकच अंगठा दोनदा नोंदवला तरी चालतो. ठसा स्क्रीनवर घेणारा फोन असेल तर जाड गार्डमुळेही तो वाचत नाही.

काही सेन्सर आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, पावलं मोजली जातात, ते एका सेन्सरचं काम. दिशा दाखवणारं होकायंत्र हा दुसरा. स्वस्त फोनमध्ये होकायंत्र मुळातच नसू शकतं, तेव्हा ते बिघडलं असं समजू नका. असेल आणि दिशा चुकत असेल तर चुंबकाचं बटण असलेलं कव्हर काढा. मग फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठाचा आकडा पाच-सहा वेळा गिरवा.

जागा दाखवणारं जीपीएस उपग्रहांकडून संदेश घेतं. त्याला मोकळं आकाश लागतं. आमच्या पत्र्याच्या घरात किंवा हायवेवर मेट्रोच्या पुलाखाली उभं राहिलं की आमचाही फोन आम्हाला दुसऱ्याच गल्लीत दाखवतो. कामावरचा फोटो जागा घेत नसेल तर आधी लोकेशन चालू आहे का, त्या ॲपला परवानगी दिली आहे का ते बघा. मग झाडाखालून, छपराखालून बाहेर येऊन दोन मिनिटं थांबा.

फोनला स्वतःची तपासणी करायला लावायचे नंबरही असतात. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की पान उघडतं. त्यात स्पीकर, सेन्सर, स्क्रीन एकेक तपासता येतं. शाओमी-रेडमीवर स्टार, हॅश, स्टार, हॅश, सहा-चार-आठ-चार, हॅश, स्टार, हॅश, स्टार. पण इथे सावध राहा. फोनवर कोणी "अमुक नंबर दाबा" म्हणालं तर दाबायचा नाही. स्टार, चार-शून्य-एक, स्टार असा नंबर दाबायला लावून लोकांचे कॉल चोरांनी स्वतःकडे वळवले. म्हणून सरकारने १५ एप्रिल २०२४ पासून अशी कॉल वळवण्याची सोय बंद करायला कंपन्यांना सांगितलं. आपण शोधलेला नंबर वेगळा, समोरच्याने सांगितलेला वेगळा.

चार्जिंग होत नाही? आधी दुसऱ्याची वायर, दुसरा चार्जर, दुसरा प्लग. यातच निम्मे फोन बरे होतात. वायर पूर्ण आत बसत नसेल तर तोंडात कापसाचा, पदराचा लेंढा दाबला गेलाय. फोन बंद करा, बॅटरीच्या उजेडात बघा, लाकडी दातकोरणीने कडेकडेने अलगद काढा. सुई, पिन नको. मधल्या पातळ पट्टीला धक्का लावायचा नाही.

पाण्यात पडला तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. कव्हर, सिम काढा, पुसा, तोंड खाली करून पंख्याच्या वाऱ्याला निदान एक दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, तांदळाची भुकटी भोकात जाते. चुलीजवळ, तव्याजवळ तर मुळीच नको.

फोनची पाठ फुगली असेल तर मात्र घरगुती उपाय एकही नाही. ती बॅटरी फुगलेली असते. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, मुलांपासून लांब ठेवा आणि सरळ दुकान गाठा.

म्हणजे दुकान कधी लागतं, तेही कळायला हवं. सगळं करून माईक, चार्जिंग सुरू झालं नाही, तर भाग बदलावा लागेलच. बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगचं तोंड आणि खालचा माईक एकाच छोट्या पट्टीवर असतात. म्हणून विचारा, "पट्टी बदलून भागेल का, की मोठा बोर्ड गेलाय? काढलेला भाग मला परत द्या. बिल द्या." एवढं विचारणाऱ्या बाईशी माणूस जरा जपून बोलतो.

फोन देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नका. माईक बदलायला तुमचे फोटो उघडावे लागत नाहीत. लॉकचा नंबर मागितला तर समोर बसून स्वतः उघडून द्या. सॅमसंगच्या काही फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो, तो लावला की आपले फोटो, मेसेज झाकले जातात. आमच्या एकीने दुरुस्तीला दिलेला फोन चार दिवस उघडाच पडून होता. काही झालं नाही, पण तिला चार रात्री झोप नव्हती. बिल घेऊनही काम झालं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते.

जुना फोन विकत घेताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर दिसेल. मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. फोन खरा आहे की काळ्या यादीतला, ते कळतं. हाच नंबर गटाच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन, संचार साथीवर तो बंद करायला हाच नंबर लागतो.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. एक मऊ ब्रश, एक सुती कापड, दोन दातकोरण्या. एकीने दुसरीचा फोन बघायचा. आमच्याकडे हे आता दर महिन्याला होतं. पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई ब्रश आणतात. परवा त्यांनी गावच्या जावेला व्हिडिओ कॉलवर माईकचं भोक दाखवलं आणि म्हणाल्या, "कव्हर काढ आधी. दुकानात मग जा."