मागच्या बाकावरचे मूल आणि शिक्षकाचे शिक्षण



आजचा विषय ऐकून पुष्कळांना वाटेल, की हा शिक्षकमंडळींचा घरगुती प्रश्न आहे. नगरवासीयांच्या व्याख्यानमालेत त्याचे काय काम? परंतु शाळेत जाणारे मूल आपले आहे, शाळेच्या संचालक मंडळावर आपल्यातलीच माणसे बसतात, आणि शिक्षकाला रजा द्यावी की नाही हेही तीच ठरवितात. म्हणून वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाने नोकरी सांभाळून विशेष शिक्षणाची पदवी का घ्यावी व आपण त्याला काय साह्य करावे, एवढाच प्रश्न मी आपणांपुढे ठेवणार आहे.

ज्या मुलांना पूर्वी मतिमंद म्हणत, त्यांच्यासाठी मुंबईत वकील दांपत्याने आपल्या जय नावाच्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली शाळा काढली. अशा शाळांचे उपकार मोठे आहेत. मात्र त्यांच्याबरोबर एक समजूतही आपल्या मनात रुजली, की अशी मुले ‘तिकडची’. साध्या शाळेतील गुरुजींचा त्यांच्याशी संबंध नाही.

कायद्याने ही समजूत मोडीत काढली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले, आणि वाचन, लेखन व गणित यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आली. ती मुलांमध्ये लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन व्हावे, हे पाहण्याचे कर्तव्य या कायद्याच्या १६ व्या कलमात शाळांशी जोडलेले आहे. परंतु शाळा म्हणजे काही भिंती नव्हेत. ओळखावयाचे ते वर्गशिक्षकाच्याच डोळ्यांनी!

आता हे ओळखणे किती अवघड आहे ते पाहा. एका वर्गात तीन मुले मागच्या बाकावर बसतात आणि तिघांनाही वाचता येत नाही. पहिल्याला अक्षर व ध्वनी यांची सांगड घालणे मुळातच जड जाते. आपल्या लिपीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात ती मागून येते. तेथे त्याची ओढाताण होते. दुसऱ्याचा कान वरचेवर फुटतो. गुरुजी समोर पाहून बोलले की त्याला कळते, फळ्याकडे वळले की शब्द निसटतात. तिसऱ्याला कसलीच अक्षमता नाही. ते पहाटे उठून वर्तमानपत्रे टाकते आणि दुपारी पेंगते. प्रगतिपुस्तकावर तिघांनाही एकच शेरा मिळतो : ‘अभ्यासात लक्ष नाही.’ वास्तविक पहिल्याला ध्वनी आणि अक्षरे बेताबेताने शिकविली पाहिजेत, दुसऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन पुढे बसविले पाहिजे, आणि तिसऱ्याच्या घरी जाऊन बोलले पाहिजे. तिघांना एकच मात्रा देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू?

यावर कोणी म्हणेल, की आठवड्याचे एखादे शिबिर पुरे. शिबिराने माहिती मिळते, हात बसत नाही. २०१५ पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी. एड. विशेष शिक्षण या अभ्यासक्रमात मुलाचे निरीक्षण करणे, त्याची स्वतंत्र योजना आखणे, ती वापरून पाहणे आणि फसली तर बदलणे, हे प्रत्यक्ष करावे लागते. एम. एड. ही त्यापुढची पायरी. नोकरीतील शिक्षक याला विशेष लायक असतो, कारण नवख्या विद्यार्थ्याजवळ उत्तरे असतात, त्याच्याजवळ प्रश्न असतात. रात्री वाचलेले तो सकाळी वर्गात पारखून घेऊ शकतो. निदानाचा दाखला देणे हे काम मात्र तज्ज्ञांचेच. मूल त्यांच्याकडे वेळेवर पोहोचविणे आणि परत आल्यावर त्याला शिकविणे, हे शिक्षकाचे.

दुसरा आक्षेप असा, की यासाठी विशेष शिक्षक नेमावेत. जरूर नेमावेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक आणि पुढील स्तरावर १५ मुलांमागे एक, असे प्रमाण सांगितले आहे. पण विशेष शिक्षकाची तासिका संपली, की उरलेला दिवस ते मूल कोणाजवळ असते?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : शिकून तो दुसरीकडे गेला तर? जाईल, जर परत आल्यावर त्याच्या विद्येला शाळेत जागाच नसेल तर. म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. पाठ व प्रात्यक्षिके यांच्या दिवसांत त्याला भरपगारी रजा द्यावी. फीचा वाटा संस्थेने उचलावा, आणि संस्थेला न झेपल्यास गावाने हात लावावा. तो पदवी घेऊन आला, की त्याच्या काही तासिका कमी करून सहकाऱ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. शाळेच्या इमारतीला देणगी देऊन कोनशिलेवर नाव कोरणारे दाते आपल्या गावोगाव आहेत. शिक्षकाच्या शिक्षणाला दिलेल्या देणगीचा दगड कोठे बसत नाही, हे खरे. परंतु मागच्या बाकावरचे मूल वाचू लागते, ही त्याची पावती असते.