सापाचा दाखला



साप आणि शाळामास्तर या दोघांविषयी समाजाची समजूत बहुतांशी सारखीच आहे. दोघेही चार हात दूर असलेले बरे. तेव्हा एका निवृत्त मास्तराने आज सापांविषयी चार शब्द बोलावे, यात कोणास विशेष विसंगत वाटू नये. मी प्राणिशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि सारा जन्म फळा, खडू व शाळेचे जनरल रजिस्टर यांच्या सहवासात काढला. म्हणून आज सापांविषयी थोडे आणि रजिस्टराविषयी अधिक, असे बोलणार आहे.

गतवर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी पंचवटीतील आमच्या घरी आला. सातपूरच्या एका कारखान्यात तो नोकरीस आहे. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा, डब्याच्या झाकणास बारीक भोके. सणाचे दिवस असल्यामुळे मंडळींना वाटले, पेढे आणले असावेत. झाकण उघडण्यापूर्वी "गुरुजी, आत साप आहे, पण बिनविषारी आहे," असे त्याने सांगितले, हे त्याचे आमच्यावर उपकारच म्हणावयाचे.

आत वीतभर लांबीचे, काळसर अंगावर सोनेरी ठिपके असलेले पिल्लू होते. प्रकाश दिसताच त्याने डोके मध्यभागी लपवून अंगाचा चेंडू केला. या सवयीवरूनच इंग्रजीत त्यास 'बॉल पायथन' म्हणतात. हा पश्चिम आफ्रिकेतील लहान जातीचा अजगर. पूर्ण वाढलेली मादी चार-पाच फुटांची भरते. उंदरांवर तिचा निर्वाह चालतो. एका वेळी ती सामान्यतः चार ते दहा अंडी घालते आणि सुमारे दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. पाळणारे लोक अंडी काढून ३१-३२ अंश उष्णतेच्या पेटीत उबवितात. नीट सांभाळल्यास हा जीव वीस-तीस वर्षे जगतो. म्हणजे जो घरात आणतो, त्याने आपल्या मुलाच्या लग्नापर्यंतची जबाबदारी पत्करली असे समजावे.

माझ्या विद्यार्थ्याने २०१८ मध्ये मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून अशी एक जोडी विकत घेतली होती. कागद मिळाला नाही आणि त्या वयात त्याने मागितलाही नाही. गेल्या उन्हाळ्यात मादीने सहा अंडी घातली आणि सहाही फुटली. आता ही पिल्ले फोनवरून, जाहिरात देऊन विकावी, आणि पुढे दरवर्षी हाच लहानसा जोडधंदा करावा, असा त्याचा विचार होता. जाहिरातीचा मजकूर शुद्ध मराठीत लिहून द्यावा, एवढ्यासाठी तो माझ्याकडे आला होता.

येथे थोडा कायदा सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतही याविषयी घोटाळा दिसतो. आपल्या देशातील नाग, घोणस, धामण, अजगर यांपैकी कोणताही साप पकडण्यास, पाळण्यास वा विकण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आमच्या लहानपणी बाजारात बसणारा गारुडी याच कायद्याने दिसेनासा झाला. परदेशी सापांची गोष्ट निराळी. वन्य जीवांच्या व्यापारासंबंधी 'साइटिस' नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ मध्ये झाला आणि १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. परंतु जो परदेशी प्राणी एकदा कसाबसा देशात शिरला, त्याच्यावर आपल्या वन्यजीव कायद्याची नजर फारशी पोहोचत नसे. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जाहीर केले की, ज्यांच्या घरी असे प्राणी असतील त्यांनी सहा महिन्यांच्या आत आपण होऊन कळवावे. त्यांच्याकडे मूळ कागद मागितले जाणार नाहीत. पुढे २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे नियम निघाले. आता करारातील परिशिष्टांत ज्यांचे नाव आहे असा जिवंत प्राणी जवळ असल्यास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची नोंदणी करावी लागते. तो दुसऱ्यास दिला, त्यास पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी तेही कळवावे लागते. बॉल पायथन या यादीत आहे.

माझ्या विद्यार्थ्याने २०२० मध्ये आपली जोडी कळविली होती आणि नवे नियम निघाल्यावर तिची नोंदही केली होती. हे ऐकून मला समाधान वाटले आणि मी कागद-लेखणी पुढे ओढली. तेव्हा तो जरा घुटमळला व म्हणाला, "गुरुजी, जाहिरातीत सोळा पिल्ले लिहा."

"अरे, अंडी सहा म्हणालास ना?"

मग हळूहळू उलगडा झाला. त्याच मुंबईच्या व्यापाऱ्याने त्यास निरोप धाडला होता. व्यापाऱ्याकडे दहा पिल्ले होती, कागद नव्हता. याच्याकडे कागद होता, पिल्ले थोडी होती. ती दहा याने आपल्या मादीच्या नावावर चढवावी, 'घरी जन्मलेली, कागदपत्रांसह' म्हणून विकावी आणि नफा वाटून घ्यावा, असा तो बेत. "घरी येऊन अंडी कोण मोजणार आहे, गुरुजी? सहाच्या मागे एक तर लिहावयाचा," असे तो म्हणाला. हा हिशेब मला नवा नव्हता. प्रगतिपुस्तकातील सहा गुणांचे सोळा करून घरी नेणारी मुले मी जन्मभर पाहिली आहेत, आणि हाही त्यांपैकीच एक होता.

मी त्याच्यावर रागावलो नाही, याचे कारण आपणास सांगतो. ते सांगताना मला संकोच वाटतो, परंतु ते सांगण्यासाठीच आज येथे आलो आहे.

नोकरीच्या आरंभी मी एका लहान गावच्या शाळेत होतो. जूनमध्ये आईबाप मुलांना घेऊन येत. जन्मतारीख विचारली की, "मोठ्या पुराच्या साली झाला," किंवा "कांदे काढले तेव्हा झाली," असे उत्तर मिळे. पुरासाठी रजिस्टरात रकाना नव्हता. मग मुलाच्या उंचीकडे पाहून सहा वर्षे मागे मोजावयाची आणि '१ जून' लिहून मोकळे व्हावयाचे. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे इतकी का, याचे कोडे ज्यांना पडत असेल, त्यांना त्याचे उत्तर माझ्यासारख्या मास्तरांच्या हस्ताक्षरात मिळेल. एकदा तर मी दोन सख्ख्या भावांच्या जन्मांत अवघे पाच महिन्यांचे अंतर ठेवले. धाकट्याची तारीख आईने जानेवारीतली नेमकी सांगितली, थोरल्याची मी अंदाजाने आदल्या वर्षीच्या ऑगस्टातली घातली, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहण्याची तसदी घेतली नाही.

पुढे तो थोरला मुलगा सैन्यभरतीस गेला. धावण्यात पहिला आला, छाती भरली, आणि कागदावर वय काही आठवड्यांनी अधिक ठरून परत आला. आपण खरोखर केव्हा जन्मलो हे त्याला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. परंतु मी लिहिलेली तारीख खोटी होती, हे मला ठाऊक होते. तो माझ्या दारी येऊन तक्रारीचा एक शब्दही बोलला नाही. दाखला सरकारी असल्यामुळे तो खराच असणार, असा त्याचा विश्वास होता. तो विश्वास मला आजही बोचतो.

हे सारे मी माझ्या विद्यार्थ्यास सांगितले. सरकारनेही २०२० मध्ये एका परीने १ जूनच लिहिला. जो जे सांगेल ते मान्य केले. एकदा तसे करणे भाग होते, कारण कोठून तरी आरंभ केल्याशिवाय रजिस्टर उघडत नाही. परंतु त्यापुढची प्रत्येक ओळ आता लिहिणाराच्या हाती आहे. प्रत्येक घरी जाऊन अंडी मोजणारा निरीक्षक कोणतेही राज्य नेमू शकणार नाही. चोरून आणलेले पिल्लू आणि घरी जन्मलेले पिल्लू यांच्या अंगावरील ठिपक्यांत सामान्य गिऱ्हाइकास काडीचा फरक दिसणार नाही. फरक असलाच तर तो पाळणाराच्या वहीत आहे. ती वही खोटी झाली की त्या दिवसापासून घरचा साप आणि चोरीचा साप एकच.

चोरीचा साप कसा येतो, हेही ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या व केकच्या वेष्टनांत कोंबलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५ च्या आरंभी त्याच विमानतळावर थायलंडहून परतलेल्या एकाच्या सामानातून चाळिसांहून अधिक विषारी साप निघाले. हे पकडले गेलेले. जे पकडले जात नाहीत, त्यांना पुढे कोणाच्या तरी वहीत जन्म घ्यावा लागतो. व्यापाऱ्याला माझ्या विद्यार्थ्याची मादी नको होती, तिचा दाखला हवा होता.

खऱ्या नोंदीचे मोल काय असते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये एका गृहस्थाने एक बॉल पायथन आणून दिली. २०२० मध्ये, किमान ६२ वर्षांची असताना, तिने सात अंडी घातली, आणि त्यापूर्वी पंधरा वर्षांहून अधिक काळ तिला नराचा सहवास नव्हता. कोणी तोंडी सांगितले असते तर आपण हसलो असतो. शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला, कारण ती कोणत्या वर्षी आली आणि कोणाबरोबर राहिली, हे कोणीतरी लिहून ठेवले होते.

आता चार शब्द घेणारांसाठी. आपल्या महाराष्ट्रात मांडुळाच्या पायी किती लोक फसले आणि किती तुरुंगात गेले, हे वर्तमानपत्रे वाचणारास सांगावयास नको. ज्याची शेपटी बोथट असल्यामुळे दोन तोंडे असल्याचा भास होतो, असा तो मातीत राहणारा निरुपद्रवी साप. त्याच्या योगाने धन लाभते या समजुतीने त्याची किंमत वजनावर ठरते. तेथे गिऱ्हाइकाची भूल अज्ञानाची होती. फोनच्या पडद्यावर रंगीत अजगर पाहून भुलणारा सुशिक्षित तरुण अज्ञानी नसतो, पण तोही 'हा आला कोठून' हा प्रश्न विचारीत नाही. गारुड्याला निदान समोरासमोर विचारता येत असे. पडद्यामागच्या विक्रेत्याला अधिक विचारले पाहिजे. नोंदणीचा कागद कोणाच्या नावाचा, मादी कोणती, अंडी किती, पिल्ले किती, बाकीची कोणास दिली, हस्तांतर कळविणार की नाही, हे विचारावे. उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. आणि रंगावरही जाऊ नये. 'स्पायडर' या नावाचा एक मनोहर रंगप्रकार आहे. त्या रंगाबरोबरच डोके डोलण्याचा जन्मजात दोष येतो आणि त्या जीवाला तोल सावरता येत नाही. आपण ज्यास नक्षी म्हणतो, ती त्याची व्याधी असते.

जाहिरात मी त्या सायंकाळी लिहून दिली नाही. "आधी वही आण, मग मजकूर लिहू," एवढेच बोललो. तो डबा घेऊन गेला, आणि हा पुन्हा येणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मास्तराला एवढे तरी कळते.

दिवाळीच्या सुमारास तो आला. हातात डबा नव्हता, लांब पानांची वही होती. जन्माच्या रकान्यात सहा नोंदी होत्या. प्रत्येकीपुढे कात टाकल्याची तारीख, पहिले अन्न घेतल्याची तारीख, वजन. चौथ्या पिल्लापुढे अन्नाचा रकाना कोराच होता आणि त्याखाली लहान अक्षरांत मृत्यूची तारीख व 'कळविले' असा शब्द. त्या एका ओळीवर माझी नजर थांबली. नफ्यासाठी वही लिहिणारा माणूस मेलेले पिल्लू कशास लिहील?

"पाच राहिली, गुरुजी," तो म्हणाला. "व्यापाऱ्याने संबंध तोडले. यंदा पेटीचा खर्चही निघणार नाही."

मी चष्मा पुसला, लेखणी घेतली आणि त्याला जाहिरातीचा मजकूर सांगू लागलो. पहिल्या ओळीत आकडा घातला, तो पाच.